हबशी बागेचे मलिक अंबर

जुन्नर शहराला लागून हापूसबाग नावाची वस्ती आहे. परगावचा माणूस हे नाव ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर आंब्याची हिरवीगार बाग उभी राहते. आंब्यावरूनच हे नाव पडले असणार, असे त्याला वाटते. पण आंब्याचा आणि या नावाचा मुळात काही संबंध नाही. जुन्नरचे जाणते लोक सांगतात की, या जागेचे जुने नाव हबशी बाग. बोलता बोलता ह चा हा झाला, ब चा प झाला, शी चा स झाला आणि हबशी बागेची हापूसबाग झाली.

हापूस आंब्याच्या नावाची गोष्ट तर अगदी निराळी आहे. पोर्तुगीज लोकांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. त्यांच्या सेनापतीचे नाव होते अफोन्सो द अल्बुकर्क. पोर्तुगिजांनी गोव्यात आंब्याची कलमे बांधली. त्यांपैकी एका उत्तम जातीला अफोन्सोचे नाव मिळाले आणि मराठी माणसाच्या तोंडी त्याचे हापूस झाले. म्हणजे एक शब्द युरोपातून आला, एक आफ्रिकेतून आला आणि मराठीत येऊन दोघे एकमेकांसारखे दिसू लागले. नावांच्या बाबतीत कानाला जो अर्थ पहिल्यांदा लागतो, तो खरा असतोच असे नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्याचे नाव घ्या. त्यात ‘अंबर’सारखा उच्चार आहे, म्हणून काही मुले त्याचा संबंध मलिक अंबर यांच्याशी जोडतात. त्याला काहीही आधार नाही.

हबशी म्हणजे कोण, हे उर्दू शिकणाऱ्या मुलांना सांगायला नको. हजरत बिलाल हबशी यांचे नाव तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा पहिल्या मुसलमानांपैकी काही जण समुद्र ओलांडून हबश देशात गेले आणि तेथील नजाशी राजाने त्यांना आसरा दिला, हेही तुम्हांला माहीत आहे. तो हबश म्हणजे आजचा इथिओपिया. आफ्रिका खंडाच्या पूर्व भागातला हा डोंगराळ देश. त्या देशातून आलेले हबशी लोक दक्षिणेत सरदार झाले, किल्लेदार झाले, वजीर झाले. कोकणात त्यांना सिद्दी म्हणत. जुन्नरला त्यांची बाग होती, वाडा होता. हापूसबागेत आजही मोठ्या घुमटाची एक जुनी दगडी इमारत उभी आहे. लोक तिला सौदागर गुंबज म्हणतात. या सर्व हबशी सरदारांमध्ये ज्यांचे नाव सर्वांत मोठे झाले आणि ज्यांनी एके काळी जुन्नरहून निजामशाहीचा कारभार चालवला, ते म्हणजे मलिक अंबर.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात झाला. त्यांचे लहानपणीचे नाव चापू असे होते. चापू लहान असतानाच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांचा बाजार भरत असे. दुष्काळ पडला, लढाई झाली, की मुले पकडली जात किंवा विकली जात. चापूला तांबड्या समुद्रापलीकडे अरबस्तानात नेण्यात आले. एका मालकाने त्याला दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला. आईवडिलांचे तोंड त्याला पुन्हा दिसले नाही.

शेवटी तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी आला. मुलगा हुशार आहे, हे मीर कासिमने ओळखले. त्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले, हिशेब शिकवला. चापूने इस्लाम धर्म स्वीकारला आणि मीर कासिमने त्याचे नाव अंबर ठेवले. मराठीत अंबर म्हणजे आकाश. पण हा शब्द तो नव्हे. उर्दू शायरीत ज्याचा सुगंध दरवळतो, तो हा अंबर. समुद्रात सापडणारा काळसर रंगाचा, मोठ्या किमतीचा सुगंधी पदार्थ. काळ्या रंगाच्या गुलामाला असे नाव देण्याची तेव्हा रीत होती.

पुढे मीर कासिमने अंबरला दक्षिणेत आणले आणि १५७० नंतरच्या काही वर्षांत अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याला विकले. हा चंगेझखान मंगोल नव्हे. तो स्वतः हबशी होता आणि स्वतःही कधी काळी गुलाम होता. गुलाम मुख्य प्रधान कसा होऊ शकतो, याचे आपल्याला नवल वाटेल. पण दक्षिणेच्या सुलतानांची यात एक सोय होती. दरबारात दख्खनी आणि इराणकडून आलेले परदेशी असे दोन गट नेहमी भांडत असत. प्रत्येक सरदाराला आपली जात, आपले नातलग, आपली जहागीर. हबशी गुलामाला या देशात भाऊ नाही, काका नाही, गाव नाही. त्याचे सगळे काही मालकापाशी. म्हणून सुलतान आणि वजीर हबशी तरुणांना विकत घेत, त्यांना घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायला शिकवत आणि आपल्या विश्वासाच्या कामावर ठेवत. मालक वारला किंवा त्याने सोडले, की गुलाम मोकळा होई आणि अंगात गुण असतील तर स्वतःच्या बळावर वर चढे. गुलामगिरी ती गुलामगिरीच. तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण अमेरिकेतील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना जे दार कायमचे बंद होते, ते दक्षिणेत थोडे उघडे होते आणि अंबर त्यातून बाहेर पडले.

चंगेझखानाजवळ अंबर चार वर्षांच्या आसपास राहिले. राज्याचा कारभार, सैन्याची व्यवस्था, दरबारातील डावपेच हे सर्व त्यांनी तेथे जवळून पाहिले. चंगेझखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबर यांना गुलामीतून मुक्त केले. त्यांनी बीबी करीमा यांच्याशी लग्न केले. यानंतरची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी साध्या शिपाईगिरीत काढली. काही काळ ते विजापूरच्या आदिलशाहीत होते. मलिक हा किताब त्यांना तेथेच मिळाला, असे म्हणतात. १५९५ च्या सुमारास ते पुन्हा निजामशाहीत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर फक्त दीडशे घोडेस्वार होते आणि त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते. बहुतेक माणसे ज्या वयात आता काय व्हायचे राहिले असे म्हणतात, त्या वयात मलिक अंबर यांचे खरे आयुष्य सुरू झाले.

तो काळ निजामशाहीच्या मोठ्या संकटाचा होता. दिल्लीच्या अकबर बादशहाची फौज दक्षिणेत उतरली होती. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला शौर्याने लढवला, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. पण १६०० मध्ये चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला मोगलांना मिळाला. लहान निजामशहाला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. निजामशाही संपली, असेच सर्वांना वाटले.

मलिक अंबर यांना तसे वाटले नाही. राजधानी गेली, राजा गेला, तरी डोंगर, किल्ले आणि गावे अजून होती. त्यांनी निजामशाही घराण्यातील मुर्तजा नावाच्या एका तरुणाला शोधून काढले आणि परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवले. आपली मुलगी त्याला दिली. राज्याचे नाव मुर्तजा निजामशहाचे आणि कारभार मलिक अंबर यांचा, अशी व्यवस्था झाली. सुरुवातीला त्यांना दोन शत्रूंशी झगडावे लागले. समोर मोगल आणि पाठीशी राजू दख्खनी नावाचा त्यांच्याच राज्यातला बलाढ्य सरदार. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत मलिक अंबर जखमी होऊन पडले. त्यांच्या माणसांनी त्यांना कसेबसे उचलून नेले, म्हणून ते वाचले. त्या वेळी दक्षिणेतील मोगल फौजेचे प्रमुख होते अब्दुर्रहीम खानखाना. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे असतात, तेच हे रहीम.

१६०७ मध्ये मलिक अंबर यांनी राजूचा पराभव केला आणि निजामशहाची राजधानी परांड्याहून जुन्नरला आणली.

जुन्नरच का? याचे उत्तर जुन्नरला उभे राहून चहूकडे पाहिले की मिळते. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा, डोक्यावर शिवनेरीचा किल्ला, कुकडीचे पाणी, खोऱ्यातली काळी जमीन आणि कोकणात उतरणारा नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून या घाटाने व्यापाऱ्यांचे तांडे चढत उतरत आले. निजामशाहीचा पायाही येथेच घातला गेला होता. तिचा संस्थापक मलिक अहमद याने प्रथम शिवनेरी घेतली, जुन्नरला ठाणे केले आणि १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. अहमदनगर शहर त्याने त्यानंतर वसवले. म्हणजे शंभर वर्षांनी मोडलेले घर पुन्हा पहिल्या जागी उभे राहत होते. मोगलांच्या मोठ्या तोफा आणि हत्ती या डोंगरांत आणणे सोपे नव्हते. मलिक अंबर यांना हवा होता तो वेळ, आणि तो त्यांना जुन्नरच्या डोंगरांनी दिला.

या वेळात त्यांनी सैन्य तयार केले. त्यात हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि फार मोठ्या संख्येने मराठे होते. भोसले, जाधव अशा घराण्यांतील सरदार निजामशाहीच्या चाकरीत होते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले हे त्यांपैकीच. अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियावर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्याच नावावरून मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगतात.

मोगलांशी समोरासमोर मैदानात लढाई द्यायची नाही, हे मलिक अंबर यांनी ठरवले होते. त्यांचे घोडेस्वार अचानक येत, शत्रूचे धान्य, चारा, बैल आणि उंट पळवत आणि डोंगरात दिसेनासे होत. रात्री छावणीवर बाण सोडत. वाटेवरची विहीर बुजवत, उभे पीक जाळत. लाखाची फौज असली, तरी तिला रोज खायला लागते. अन्न तुटले की मोठी फौज लहान फौजेपेक्षा लवकर मोडते. १६११ मध्ये अब्दुल्लाखान नावाचा मोगल सरदार गुजरातेतून नाशिकमार्गे मोठ्या ऐटीत चालून आला. अंबर यांच्या स्वारांनी त्याला वाटेत इतके सतावले की, लढाई न होताच त्याची फौज खिळखिळी झाली आणि तो आल्या वाटेने गुजरातेत परतला. यालाच मराठीत गनिमी कावा म्हणतात. गनीम म्हणजे शत्रू हे तुम्हांला उर्दूमुळे माहीत आहेच. त्या सैन्यातील शिलेदार हा शब्दही फारसी सिलाहदारवरून आलेला. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर.

लढाईपेक्षाही मलिक अंबर यांचे मोठे काम शेतसाऱ्याचे आहे, असे मला वाटते. लढायांच्या गोष्टी ऐकायला गोड लागतात, म्हणून हे काम मागे पडते. त्यांच्या आधी सारा वसूल करण्याचा मक्ता दिला जाई. जो सरकारात जास्त पैसे भरण्याचे कबूल करी, त्याला गावे मिळत. मग भरलेल्या पैशाच्या दुप्पट तो रयतेकडून ओरबाडून घेई. पीक बुडाले तरी त्याला सोयरसुतक नसे. शेतकरी गाव सोडून पळून जात आणि जमीन ओसाड पडे. मलिक अंबर यांनी ही मक्त्याची पद्धत बंद केली. जमिनीची पाहणी करून चांगली, मध्यम, हलकी अशी तिची प्रत ठरवली. त्या जमिनीत खरोखर किती पिकते, हे पाहून सारा बांधला. आधी तो धान्याच्या रूपात घेतला जाई, पुढे त्याची रोख रक्कम ठरवून देण्यात आली. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर आली. जमीन कसणाऱ्याचा तिच्यावरचा वंशपरंपरेचा हक्क, म्हणजे मिरास, मान्य केला गेला.

याचा परिणाम काय झाला, हे समजायला कोणी अर्थशास्त्र शिकायला नको. आपल्याला किती द्यायचे आहे, हे शेतकऱ्याला पेरणीआधीच कळू लागले. जास्त पिकवले तर ते आपल्या घरात राहील, असा भरवसा आला. लढाईने उजाड झालेला मुलूख पुन्हा लागवडीखाली आला. सततच्या लढायांचा खर्च मलिक अंबर यांना पंचवीस वर्षे कसा झेपला, याचे कारण या शेतांत आहे. उत्तरेत राजा तोडरमल यांनी अकबरासाठी असेच काम केले होते. पुणे प्रांतात पुढे शिवशाहीत जी जमीन महसुलाची व्यवस्था उभी राहिली, तिच्या पाठीशी मलिक अंबर यांच्या धाऱ्याचा अनुभव होता. आपल्या भागातील कोणत्याही जुन्या जमिनीच्या कागदावर मौजे, कसबा, रयत, जमाबंदी, वसूल असे शब्द दिसतात. मराठी मुले ते मराठी समजून वाचतात आणि उर्दू मुले उर्दू समजून.

१६१० मध्ये मलिक अंबर यांनी राजधानी जुन्नरहून दौलताबादला नेली. मोगलांवर नजर ठेवायला ती जागा अधिक चांगली होती. त्याच वर्षी दौलताबादजवळच्या खडकी नावाच्या लहान गावाजवळ त्यांनी नवे शहर वसवायला घेतले. खडकाळ जमिनीवरचे गाव ते खडकी. अशा खडक्या महाराष्ट्रात अनेक आहेत. पुण्याजवळ आहे, आंबेगाव तालुक्यातही आहे. पण या खडकीचे नशीब मोठे होते. तेथे त्यांनी नौखंडा महाल बांधला, मशिदी बांधल्या, मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. आपल्या मराठा सरदारांनाही त्यांनी तेथे राहायला जागा दिल्या. मालोजी, खेळोजी, परसोजी आणि विठोजी यांच्या नावांवरून मालपुरा, खेळपुरा, परसपुरा आणि विठापुरा अशी पुऱ्यांची नावे पडली. जुन्नरमध्ये मराठी वस्तीच्या शेजारी हबशांच्या नावाची बाग आणि खडकीत हबशाने वसवलेल्या शहरात मराठ्यांच्या नावांचे पुरे, असा हा उलटसुलट व्यवहार आहे.

शहर वसले, पण पाणी नव्हते. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली पाणी मुरलेले आहे, हे मलिक अंबर यांनी हेरले. जमिनीखालून नहर खोदून ते पाणी त्यांनी उताराने शहरात आणले. जागोजागी हवेसाठी आणि सफाईसाठी उभे झरोके ठेवले. ना मोट, ना पंप. पाणी आपल्याच ओघाने येऊन हौदांत पडे. ही नहर-ए-अंबरी कित्येक पिढ्यांची तहान भागवत राहिली. पाणचक्की पाहायला जाणारे लोक तिथले पाणी मलिक अंबर यांच्या नहरीचे समजतात. तसे नाही. ती नहर वेगळी, ती नंतरच्या काळातली. पण जमिनीखालून पाणी आणण्याची वाट या शहराला मलिक अंबर यांनी दाखवली, हे खरे.

दिल्लीला या हबशी प्रधानाचा फार राग होता. अकबरानंतर गादीवर आलेला जहांगीर बादशहा त्यांचे नावसुद्धा धड घेत नसे. आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्याने त्यांच्या काळ्या रंगावरून वाईट विशेषणे वापरली आहेत. अबुल हसन या नामांकित चित्रकाराने तर एक अजब चित्र काढले. त्यात भाल्याच्या टोकावर मलिक अंबर यांचे मस्तक टांगले आहे आणि जहांगीर त्याच्यावर बाण मारतो आहे. हे चित्र आज आयर्लंड देशातील डब्लिन शहरात जपून ठेवले आहे. प्रत्यक्षात जहांगीर त्यांच्यासमोर कधी उभाही राहिला नाही. जे हातून झाले नाही, ते कागदावर करून घेतले.

मलिक अंबर यांचे सर्वच दिवस विजयाचे नव्हते. १६१६ मध्ये काही सरदार त्यांना सोडून मोगलांना मिळाले. त्यांत लखुजी जाधवही होते. त्याच वर्षी जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबर यांचा मोठा पराभव झाला. मोगलांनी खडकी गाठली आणि नवे शहर जाळले. पुढच्या वर्षी शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दक्षिणेत आला, तेव्हा अहमदनगरचा किल्ला आणि बराच मुलूख देऊन तह करावा लागला. मलिक अंबर तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांनी पडके शहर पुन्हा बांधायला घेतले. १६२१ मध्ये मोगलांनी खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. त्यांनी पुन्हा बांधली.

त्यांचा स्वभाव कडक होता. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रुके नावाचा एक डच व्यापारी त्यांच्या छावणीत येऊन गेला. उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा हा माणूस पाहून तो प्रभावित झाला. त्यांच्या मुलखात चोरीचे भय नाही आणि दारू पिणाऱ्याला भयंकर शिक्षा मिळते, असे त्याने लिहून ठेवले. त्यानेच आणखी एक गोष्ट लिहिली आहे. मुर्तजा निजामशहाच्या इराणी राणीने मलिक अंबर यांच्या मुलीचा ती गुलामाची मुलगी म्हणून अपमान केला. त्यानंतर निजामशहाला विष देण्यात आले आणि त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवण्यात आले. ही हकीकत खरी असेल, तर ती मलिक अंबर यांच्या चरित्रावरचा मोठा डाग आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एक मात्र सर्वांनी मान्य केले आहे. हातात सर्व सत्ता असूनही त्यांनी स्वतःला कधी सुलतान म्हणवून घेतले नाही. नाणे आणि खुत्बा निजामशहाच्याच नावाने चालत राहिला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई त्यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी लढली. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक झाले आणि दोघांच्या फौजा मिळून निजामशाहीवर आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांचा तळ पडला. पावसाळा नुकताच सरला होता आणि तेथील तलाव काठोकाठ भरलेला होता. मलिक अंबर यांनी तलाव फोडला. पाणी शत्रूच्या छावणीत शिरले, वाटा चिखलाने बंद झाल्या, धान्य पोहोचेना. उपाशी, भिजलेले शिपाई एकेक करून पळू लागले. मग मलिक अंबर यांनी हल्ला केला. शहाजीराजे या लढाईत पराक्रमाने लढले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी येथेच कामी आले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. एकाच लढाईत दोन मोठ्या सत्तांचा पराभव झाला.

यानंतर दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये, मलिक अंबर यांचे निधन झाले. त्या वेळी ते सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जहांगीरच्या दरबारातील मुतमदखान या इतिहासकाराने तेव्हा त्यांच्या मृत्यूची नोंद करताना शत्रुत्व बाजूला ठेवले आणि युद्धकलेत, कारभारात आणि शहाणपणात त्यांची बरोबरी करणारा दुसरा नव्हता, अशा अर्थाचे लिहिले. एका गुलामाने हे स्थान मिळवल्याचे उदाहरण इतिहासात दुसरे नाही, असेही त्याने नमूद केले आहे. ज्या दरबारात त्यांच्या मस्तकाचे चित्र रंगवले गेले, त्याच दरबारातून हे लिहिले गेले.

राज्य मात्र एका माणसाच्या खांद्यावर उभे होते. तो गेला आणि ते डगमगले. मुलगा फत्तेखान वडिलांसारखा निघाला नाही. त्याने खडकीचे नाव बदलून फत्तेनगर केले, पण राज्य राखणे त्याला जमले नाही. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला त्याने मोगलांच्या हवाली केला. आता मोगलांच्या गादीवर शाहजहान होता. जहांगीर वारल्याची बातमी १६२७ मध्ये त्याला मिळाली, तेव्हा तो बापाशी बंड करून जुन्नरलाच राहत होता. येथूनच तो तख्तावर बसायला निघाला आणि त्याच्याच फौजांनी निजामशाही बुडवली. शेवटची तीन वर्षे शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला पुढे करून मलिक अंबर यांच्याच पद्धतीने लढा दिला. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यात त्यांना तह करावा लागला. तहात त्यांनी जे किल्ले सोडले, त्यांत जुन्नरचाही समावेश होता. त्याच किल्ल्यावर सहा वर्षांपूर्वी, १६३० मध्ये, त्यांचे पुत्र शिवाजी यांचा जन्म झाला होता.

फत्तेनगर हे नावही टिकले नाही. औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, तेव्हा १६५३ मध्ये शहराचे नाव औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. अहमदनगरचेही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. मोठ्या शहरांची नावे राज्याबरोबर बदलत गेली. जुन्नरच्या हापूसबागेचे नाव कोणी बदलले नाही. ते लोकांच्या जिभेवर आपोआप घासत गेले, इतके की त्यातला हबशी ओळखू येईनासा झाला.

मलिक अंबर यांची कबर खुलदाबादला आहे. सूफी संतांच्या दर्ग्यांपासून थोड्या अंतरावर, उघड्या माळावर घुमटाची एक साधी इमारत उभी आहे. शेजारी थोडी लहान दुसरी इमारत आहे. ती बीबी करीमा यांची.